निंबुळगी रोडचा रांजण

...तर तुम्हाला सांगतो, रांजण कोरडा! वैशाखाचं ऊन, गुलबर्ग्याची गाडी निंबुळगी रोडला येऊन पडलेली, समोरची गेल्याबिगर हलणार न्हाई म्हणं, अन् टेशनात हाय काय? एक बाकडं, रुळाचा टांगलेला तुकडा, त्योच घंटी, अन् एक रांजण. निजामाच्या वक्ताला दोन होते जी! 'हिंदू पानी', 'मुसलमान पानी', दोन्ही काठोकाठ! निजाम गेला, दोन्हींचा एक झाला... अन् त्योबी कोरडा!

मी निघालो होतो कशाला? जावयाचा आहेर आणायला! धोंड्याचा महिना, अमृतप्पा जावई घरी जेवायला आलेले. 'बिदरला रेल्वेत बाबू, पर्मनंट!' म्हणून लेक दिलेली. चार दिसांनी म्हणायले, "मामा, ड्युटी हाय, जातो." मी म्हणलो, "बसा हो! एवढ्या मोठ्या रेल्वेचं तुमच्यावाचून अडतंय व्हय?" ठेवूनच घेतलो.

तर नरडं सुकलेलं. मास्तरला म्हणलो, "पाणीवाला कुठाय?" मास्तर पान चघळत, "ससुराल गया ना अप्पा, धोंडे खाने कू! आठ रोज हुए."

आठ रोज! मस्तकात आग गेली. कोण येडा सासरा हाय ह्याचा? सोडत कामून न्हाई? "आणा तुमचं तक्रार बुक!" मला कुठं लिवता येतंय, मास्तरच लिवायला, मी सांगायलो, "असल्या हरामखोराला काढून टाका! त्याची बायको माहेरी येऊन बसू द्या! त्या सासऱ्याला कळू द्या!"

"ये बी लिखूँ?"

"लिवा! हा लिंगाप्पा भितो काय?" अंगठा हाणलो.

पंधरा दिसांनी रेल्वेचं पाकीट आलं. जावई पाटावर, हातात धोंडा, लेक म्हाळसा तूप वाढायलेली. मी ऐटीत म्हणलो, "वाचा की मोठ्यानं, तुमच्याच खात्याचं हाय!" वाचायले... "आपल्या तक्रारीवरून निंबुळगी रोडचा पाणीवाला अमृतप्पा वल्द बसवंतप्पा यास कामावरून..." अन् कागद पाटाखाली सारले. बाबू कसला, रांजणाचाच धनी! म्हाळसा एवढंच म्हणली, "अप्पा, कामून?" धरणी फाटावी असं झालं बघा मला.

दोन वर्सं झाली. लेक माहेरी, जावई माझ्या बाजंवर. घागर उचला म्हणलं तर, "पाण्याचं नाव काढू नका मामा, काळजात कळ येती." अन् दुपार झाली की आतून आवाज, "मामा, रांजण कोरडा!"

उठतो. घागर घेतो. हिरीवर जातो. काय करता? साठी उलटली, अन् मला पाणीवाल्याची नोकरी लागली. पर्मनंट.