नलूचं गाणं

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, पण हे आमच्याच घरात घडलं. नवं राज्य झालं आणि बाबांची कचेरी नागपूरहून भोपाळला हलली, तेव्हाची गोष्ट. माझी थोरली बहीण कुसुमताई गाण्याच्या सगळ्या परीक्षा पास झालेली. धाकटी नलू गाणं कधी शिकलीच नाही. एका दुपारी कपडे वाळत घालताना नलू अशी काही गायली, की ताईचा रियाज थांबला.

“कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही. शेजारची बाई गाते ना, तिच्यामागून म्हणते.”

शेजारच्या क्वार्टरला आम्ही आलो तेव्हापासून कुलूप होतं. आई देवापुढे जाऊन बसली. ताई मात्र भिंतीला कान लावून कितीतरी वेळ उभी होती. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, “नलू, मला का गं ऐकू येत नाही?”