तलावाच्या अंगाचा पांढरा पत्थर

आम्ही मूळचे कोकणातले असं घरात सांगतात, पण कोकण काही मी पाहिलेलं नाही, पूर्वज फौजेबरोबर झाशीला आले ते इथलेच झाले. मी रेल्वेत पंपवाला. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायचं, सगळी नोकरी त्यातच गेली.

काय सांगू तुम्हाला, पाण्याचं सगळं मलाच कळतं असं तेव्हा वाटायचं. घर तलावाला लागून, अंगणात विहीर, पाणी थोडं पण असं की तुरीची डाळ एका उकळीत शिजायची, सगळा मोहल्ला आमच्याचकडे यायचा. उन्हाळ्यात चार घागरी काढल्या की थांबायचं, पाझरायची वाट बघायची. तळाशी, तलावाच्या अंगाला, पांढरा पत्थर आडवा होता, भिंतच म्हणा ना. मला वाटलं हाच पाणी अडवतोय. पंपवाल्याचं डोकं हो, पाणी कमी आलं म्हणजे कुठंतरी अडकलंय, खोला, बस. आमची ही म्हणाली, येतंय तेवढं पुरतंय की, कशाला छेडता. मी ऐकतोय थोडाच! सुरुंगवाला आणला, विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पत्थर उडवून दिला.

सकाळी बघतो तर विहीर कोरडी. समोर तलाव चमकतोय आणि आमच्या विहिरीत चिखल! सुरुंगवाला वाकून बघतो नि म्हणतो, बाबूजी, पानी तो उतै निकर गओ. अरे, तिकडे निघून गेलं, पण उतै म्हणजे कुठं?

मग जमिनीखालचं पाणी तपासणारे एक सर्वेवाले साहेब आले, म्हणाले तो पत्थरच तुमचं पाणी धरून होता, तलाव खाली, तुमची विहीर वर. बरं, मान्य. मग पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला तेव्हा तरी आमचं पाणी परत यायचं ना? आलं, पण मचूळ, डाळ शिजेना, आणि दिवाळीनंतर तेही गेलं. साहेब म्हणाले, खालच्या चिरा कुठून कुठं जातात कोणाला दिसतं. आता साहेबांनाच दिसत नाही तर मी काय समजायचं?

ही दतिया गेटकडच्या नळावरून हंडे आणायची, उतरवायची, पुन्हा निघायची. भांडली असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या दुखण्यात म्हणाली, आपल्या विहिरीचं पाणी द्या. मी नळाचंच दिलं, म्हटलं, घे, विहिरीचं आहे. सगळं प्यायली आणि म्हणाली, छान लागतंय हो. तापात विसरली होती की माझं मन राखलं, मला अजून कळलेलं नाही. असो, तुमचं पाणी जिथं आहे तिथंच राहो.