सदाची टू-सेव्हन्टी गोळी

आमच्या ब्रिस्टलच्या सदाने बायको बदलली, पण रायफलची गोळी नाही. तरुणपणापासून तीच टू-सेव्हन्टी मापाची!

परवा, ज्याच्या रानात तो शिकारीला जातो त्या शेतकऱ्याने त्याला दम भरला, "हरणं माझी रोपं खातायत. आज एक तरी पाड, नाहीतर उद्यापासून माझ्या रानात दुसरा शिकारी येईल."

सदाने दोन हरणं चुकवली. पहिलं पळालं तेव्हा म्हणाला, "वारा फिरला." दुसरं पळालं तेव्हा म्हणाला, "चष्म्यावर वाफ आली."

शेवटी सोबत आलेल्या त्याच्या पोरीने नव्या मापाच्या गोळीची आपली रायफल पुढे केली, "बाबा, प्लीज, ही घे."

पहिल्याच बाराला तिसरं हरीण आडवं!

मी म्हटलं, "गाढवा, आता तरी सोड ती जुनी गोळी."

सदा मेलेलं हरीण निरखत म्हणाला, "कशाला? हे आधीपासूनच आजारी असणार."