हात वर केला, तीच बाद

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आणि वर्षभर मुलांना शिकवूनही ‘यातली हुशार कोण?’ हे ज्यांना कधीच कुणी विचारत नाही, अशा माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो,

आज या निरोप समारंभात माझ्याविषयी जे गोड बोललं गेलं, त्यातलं निम्मं जरी खरं असतं, तरी हुशार मुलं निवडणारी आपली ही प्रज्ञाशोध चाचणी मी केव्हाच बंद पाडली असती!

नऊ वर्षं तोच प्रश्नसंच. येतो मात्र सीलबंद, दोन सह्यांनिशी. आणि तेच प्रश्न कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘सराव पुस्तिका’ म्हणून मिळतात. मग हे सील कुणासाठी?

गेल्या मंगळवारी माझ्या वर्गात बेचाळीस मुलं बसली होती. छापील सूचना मी वाचली, “हे प्रश्न आधी पाहिले असतील, तर हात वर करा.” नऊ वर्षांत कुणी केला नव्हता. या वेळी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने केला.

“बाई, हे मी सोडवलंय. माझ्या मावसभावाच्या पुस्तकात आहे सगळं.”

मागून आवाज आला, “गप बस ना, बावळट!”

“अरे, पण बाईंनी विचारलंय ना?”

बाकीची एकेचाळीस डोकी खाली. त्यांत निरपराध किती, देव जाणे. नियमाप्रमाणे मी तिची प्रश्नपत्रिका काढून घेतली आणि नावापुढे ‘अपात्र’ लिहिलं. हो, मीच, याच हाताने. तासभर ती बाहेरच्या बाकावर कंपासपेटी मांडीवर घेऊन बसली होती.

चाचणीच्या कार्यालयात फोन केला. उत्तर काय मिळालं असेल?

“बोलली ती बाद, बाई.”

“आणि जे बोलले नाहीत?”

“ते कुठे काय बोललेत?”

हसा, हसा! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर नियमाचा दाखला! पण संध्याकाळी तिची आई आली. इस्त्रीचं दुकान चालवते. म्हणाली, “बाई, पोरगी विचारतेय, हात वर केला ते चुकलं का? काय सांगू तिला?”

बुद्धिमत्तेवरची कपाटभर पुस्तकं वाचलीत मी. त्या माउलीपुढे त्यातलं एकही वाक्य कामी आलं नाही. सभागृहात कुणाकडे उत्तर आहे का?

आपण सर्वांनी जीव लावलात, त्याबद्दल मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी जीभ जरा तिखट झाली. कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

पण अध्यक्षमहोदय, या चाचणीची निवड यादी उद्या दुपारी जाते, आणि ती तुमच्या सहीशिवाय जात नाही. नव्या प्रश्नसंचावर बेचाळीसच्या बेचाळीस मुलांची, त्या मुलीसकट, फेरचाचणी घ्यावी, असा अर्ज तुमच्यासमोर ठेवलाय. यादी रोखा आणि त्या अर्जावर सही करा. आत्ता, इथे, सगळ्यांदेखत.