दुपारी झाड कोणी विकत नाही

माहा जन्म आर्णीकडच्या एका तांड्यातला. आमचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरले, मंग कधीतरी बैल थांबले, लोक थांबले, तांडा वसला. बाप मजुरी करे. याडी, म्हणजे आमची आई, जंगलातून मोळी आणून आर्णीच्या बाजारात विके. मी त्या मोळीच्या मागं मागं बाजारात गेलो अन् तिथंच भाव करायचं शिकलो. गिऱ्हाईक म्हणे लाकूड ओलं हाये, याडी बिचारी म्हणे हात लावून पाहा. मी म्हणो, याडी तू चूप राह्य, अन् गिऱ्हाइकाले म्हणो, ओलं वाटते तं नको घेऊ, समोरच्याकडं जा, त्याच्याकडं वाळवी लागलेलं हाये, सस्तं पडन. ते हसे अन् आमचंच घेई. शाळा चौथीत सुटली, पण काय सांगू तुम्हाले, माणसाच्या तोंडावरून त्याची गरज ओळखायले मले एकही पुस्तक लागलं नाही.

पुढं मी उभ्या झाडांचा धंदा धरला. शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंब असते, बाभूळ असते, मोह असते, ते उभ्या उभ्याच घ्यायचं, किती लाकूड निघन ते डोळ्यानं मोजायचं, आपल्या माणसांनी तोडायचं अन् ट्रक भरून न्यायचं. जाडं खोड चिरायले आरामशीनवर, बाकीचं वीटभट्टीत. पहिल्या पहिल्यांदा मी दुपारी जाओ. शेतकरी त्या झाडाखालीच भाकर खात बसलेला राहे, बैल बाजूले, पाण्याचं मडकं बुंध्याले टेकवलेलं. मी भाव सांगो, तो वर फांद्यांकडं पाहे अन् म्हणे, नाही जमत बापा. भाव वाढवला तरी नाही जमे. मंग एक रोज मी दिवस कलल्यावर गेलो. तोच शेतकरी, तेच झाड, पण सावली पार दुसऱ्याच्या वावरात जाऊन पडलेली. म्हणे, न्या. तवापासून माहा नियमच झाला, झाडाचा सौदा दिवस कलल्यावर करायचा. दुपारी झाड कोणी विकत नाही. हे गुपित मी माह्या बायकोलेही सांगितलं नव्हतं, तुम्हाले आज सांगून राह्यलो.

अन् एक गोष्ट आधीच लिहा, मंग बाकीचं लिहा. झाडं मी चोरली नाही. लोकांनी हात जोडून बोलावलं मले. ज्यांच्या घराच्या चौकटी त्याच लाकडाच्या हायेत ते आज पारावर बसून म्हणते, मामानं तालुका उजाड केला. मले सारे मामाच म्हणते. तिकडं वणीकडून कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालले, त्यांले कोणी काही म्हणत नाही, अन् बदनाम कोण, तं मी एकटा. काहून? माहं रक्त अजूनही तापते. पण माहं जे चुकलं ते हे नाही. ते सांगतो.

माही मोठी बहीण देवकाबाई आमच्याच तांड्यात राह्यते. याडी मोळीले जाई तवा मले हिनंच कडेवर खेळवलं. तिचा नवरा लवकर गेला, हिनं कापूस वेचून वेचून एकुलती पोरगी शिकवली. सुनीता नाव तिचं. शेतकीचं शिकली अन् आता शाळेवर शिकवते. पोट्टी हुशार, पण बोलायले तिखट, ते तिनं माह्याकडूनच घेतलं असं लोक म्हणते.

तं झालं असं का, फाट्यावर एसटी थांबते तिथून तांड्यापर्यंत जो रस्ता येते, त्याच्या दोन्ही बाजूले जुने कडुनिंब अन् मोह होते. आमच्या बापजाद्यांचे बैल त्याच झाडांखाली उतरत असं म्हातारे सांगत. रस्ता रुंद करायचा ठरला, झाडं विकायची ठरली, सौदा माह्याशीच. कागद सगळे तयार, फक्त ग्रामसभेची हो पाहिजे होती. त्या सभेत सुनीता उभी राह्यली.

म्हणाली, रस्ता एका बाजूनंही वाढवता येते, एक रांग तरी ठेवा. मंग सांगत गेली. धरती गरम होऊन राह्यली, अन् हे आपोआप नाही, माणसाच्या करणीनं हाये. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जो वायू निघते तो वर जाऊन धरतीवर गोधडीसारखा पसरते, सूर्य तेवढाच हाये पण गोधडी जाड झाली, आतली गरमी बाहेर निघत नाही. झाडं तो वायू खाते, झाड जाळलं का तो परत सुटते. मी बसल्या जागी म्हटलं, म्हणजे माह्या चार ट्रकांनी जग तापलं का वं? लोक हसले. ती म्हणाली, नाही मामा, तुमच्या एकट्यानं नाही, सगळ्यांचं मिळून. पण रस्त्यावरची सावली तं तुमच्या एकट्याच्याच ट्रकात जाईन.

ते मले झोंबलं. भर सभेत बहिणीच्या पोरीनं बोलावं? अन् मी काय केलं, माहा धंदा केला. माल चांगला असला का त्याची खोड काढायची, हे मी लहानपणापासून शिकलो. म्हटलं, बाई, परवा गारपीट झाली तवा तुही गोधडी कुठं गेलती? पुन्हा हसले. म्हटलं, माह्या बापाच्या काळातही ऊन असंच होतं, उन्हाळ्यात ऊन नाही पडन तं काय चांदणं पडन? टाळ्या पडल्या, बापा. मंग तिनं हळूच विचारलं, मामा, तुमचे माणसं पहिले मे महिन्यात किती वाजेपर्यंत कुऱ्हाड चालवत, अन् आता किती वाजेपर्यंत चालवते?

आता पाहा. पहिले माही माणसं जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोडत, थोडं पडत अन् पुन्हा लागत. मंग वर्षावर्षानं ते मागं मागं येत गेलं. आता उजाडताच सुरू करतो अन् दहा वाजायच्या आत कुऱ्हाडी खाली, कारण का त्यानंतर माणूस चक्कर येऊन पडते. हा बदल मीच केला. मीच ठरवला. जिल्ह्यात कोणाले नसन ठाऊक तेवढं मले ठाऊक होतं. अन् कुऱ्हाड चालवणारी माही चार माणसं माह्या मागंच सतरंजीवर बसलेली.

मी म्हटलं, पहिलेसारखंच चालते, काही फरक नाही.

मागं त्या चौघांनी माना खाली घातल्या. त्यांची रोजी माह्या हातात, कोण बोलन? सुनीतानं त्यांच्याकडं एकदा पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं अन् खाली बसली. सभेनं हो म्हटलं. मी बाहेर निघालो तं लोक म्हणे, वा मामा, मास्तरणीले गप केलं. मी पान खाल्लं अन् दुसऱ्यांलेही खाऊ घातलं.

दोन्ही रांगा पडल्या. काम लांबलं, शेवटचा ट्रक मे महिन्यात भरला. अर्ध्या रस्त्यात त्याचं चाक बसलं, ड्रायव्हर स्टेपनी घेऊन आर्णीले गेला, ट्रक भर दुपारी तिथंच उभा. त्याच दुपारी देवकाबाई आर्णीच्या बाजारातून एसटीनं फाट्यावर उतरली. जन्मभर त्या रस्त्यानं ती झाडाझाडाले टेकत टेकत आली. त्या दिवशी टेकायले काही नाही. अर्ध्यावर तिले गरगरलं, डोळ्यापुढं अंधारी आली, अन् ती रांगत रांगत माह्या ट्रकाखाली गेली. ज्या झाडांखाली बसत होती ते वर लादलेले, अन् ती खाली. मजुरीच्या बायका मागून येऊन राह्यल्या होत्या, त्यांले तिची पिशवी दिसली. त्यांनी पाणी ओतलं, उचललं, एक मोटरसायकलवाला थांबवून तिले मधात धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे ऊन लागलं, अजून थोडा उशीर झाला असता तं हातची गेली असती. चार दिवस सलाईन.

मी दवाखान्यात गेलो तं खोलीत सगळं गोत जमलेलं. तिनं माहा हात धरला. आमच्या गोरबोलीत भावाले भिया म्हणते. म्हणाली, भिया, तुहा ट्रक होता म्हणून मी वाचली रे. साऱ्या रस्त्यात तेवढीच सावली होती. देव तुले सुखी ठेवो.

साहेब, शिवी दिली असती तं मी दोन परत दिल्या असत्या. मारलं असतं तं सहन केलं असतं. आशीर्वादाचं काय करू? सुनीता पायथ्याशी उभी होती, ती माह्याकडं पाहतच नव्हती. बाहेर आल्यावर मीच म्हटलं, पोरी, तुहं खरं झालं. तं ती काय म्हणाली ऐका. म्हणाली, मामा, एका दिवसाच्या उन्हानं काही सिद्ध होत नाही, अन् एका गारपिटीनं खोटंही होत नाही. मी वर्षावर्षाचं विचारलं होतं. ते तुम्हाले ठाऊक होतं का नव्हतं, तेवढं सांगा. मी म्हटलं, ठाऊक होतं. म्हणाली, मले नका सांगू, जिथं नाही म्हटलं तिथं सांगा.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत मी उभा राह्यलो. म्हटलं, मी खोटं बोललो, ऊन वाढलं, माह्या माणसांले विचारा, आपल्या करणीनं वाढलं, पोरगी खरं बोलत होती. तं लोक हसले. एकजण म्हणे, मामा, आता कोणता सौदा हाये? दुसरा म्हणे, रोपवाटिका काढून राह्यले वाटते. पहिल्यांदा खोटं बोललो तवा टाळ्या, खरं बोललो तं हसू. संताप आला, टेबलावर हात आपटला, तं अजून हसले. माह्या चार माणसांनी मातर उठून सांगितलं, मामा खरं बोलते. तवा कुठं हसू थांबलं.

सुनीता म्हणाली, मामा, तोंडाचं लोक विसरते, लिहून ठेवा. मले धड लिहिता येत नाही म्हणून तुम्हाले बोलावलं. माही तक्रार राह्यलीच, ती मी मरेपर्यंत करीन, विकणारे सगळे अन् बदनाम मी एकटा. ते लहान अक्षरात लिहा. पण दुपारी झाड कोणी विकत नाही हे मले ठाऊक होतं, म्हणून मी दिवस कलल्यावर जाओ, हे मोठ्या अक्षरात लिहा.

देवकाबाई आता बरी हाये. भर उन्हात निघत नाही. मी घरावरून गेलो का ओट्यावरून अजूनही म्हणते, भिया, तुह्या ट्रकानं वाचवलं रे. रस्त्याची सावली माह्याच खोट्यानं गेली, हे मी तिले अजून सांगितलं नाही. हे लिहून झालं का सुनीता तिले वाचून दाखवणार हाये. दुपारी या म्हटलं हाये तिनं मले. मी जाईन.