खुर्चीतला बाजा आणि ‘विकत घ्या’चे बटण

मी, बाजारात ‘खुर्चीवाले काका’ म्हणून ओळखला जाणारा, वय बहात्तर वर्षे, शिक्षण पाचवीपर्यंत, धंदा जुन्या खुर्च्या व सोफ्यांना नवी गादी आणि कापड बसवणे, राहणार दुकानाच्याच माडीवर थोरल्या बहिणीसोबत, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे:

माझा धंदा वडिलांपासूनचा आहे. खुर्चीची बैठक आणि पाठ यांच्यामध्ये फट असते. बसणाऱ्याच्या खिशातले काहीबाही त्या फटीत जाते आणि अस्तराखाली दडून बसते. खुर्ची उसवली की ते निघते. गिऱ्हाइकाची खुर्ची असेल तर वस्तू मी गिऱ्हाइकाला देतो. पण काही खुर्च्या मी जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून घेतो. त्या कोणाच्या घरातून आल्या हे त्यालाही ठाऊक नसते. अशा खुर्चीत निघालेली वस्तू मी विकत नाही आणि टाकतही नाही. त्या खुर्चीच्या जुन्या कापडाचा तुकडा कापून त्यात वस्तू गुंडाळतो आणि पत्र्याच्या पेटीत ठेवतो. वडीलही असेच करत. माणूस वस्तू विसरेल, पण रोज ज्या कापडावर बसला ते विसरत नाही, असे ते म्हणत.

माझी थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणतो, कचेरीत टायपिस्ट होती. निवृत्तीनंतर ती ग्रंथालयातल्या संगणकाच्या वर्गाला जाऊ लागली. यंदा माझा उजवा हात कापू लागला. सुईत दोरा जाईना. तेव्हा पेटीचे पुढे काय, ही काळजी मला लागली. ती मी आक्काला बोलून दाखवली, पुष्कळदा बोलून दाखवली. ती म्हणाली की तुझ्यामागे ही पेटी भंगारात जाणार, त्यापेक्षा आहेस तोवर त्या वस्तू लोकांना दाखव, ज्याची त्याला ओळख पटेल. त्यासाठी तिने वेबसाइट काढायचे ठरवले.

वेबसाइट मुळापासून करायची नव्हती. इंटरनेटवर फुकट मिळणारा तयार साचा तिने उतरवून घेतला. फुकटचे म्हटल्यावर मला धास्ती वाटली. तिने समजावले, “अरे, साचा म्हणजे खुर्चीचा सांगाडा. लाकूडकाम झालेलं आहे. आपण फक्त आपलं कापड चढवायचं.” हे मला समजले. साच्यात साध्या मजकुराच्या फायली असतात. नमुन्याचे शब्द खोडून आपले लिहायचे, नमुन्याचे फोटो काढून आपले ठेवायचे आणि सगळे इंटरनेटवर चढवायचे. एका वस्तूची एक फाईल.

साच्याच्या पहिल्याच पानावर कोट घातलेल्या एका माणसाचा हसरा फोटो होता. खाली ‘संस्थापक’ असे लिहिले होते. मी त्या माणसाला ओळखत नव्हतो. उद्या हा दुकानावर हक्क सांगेल, या भीतीने माझे जेवणावरचे मन उडाले. आक्का म्हणाली, “तो साच्याबरोबर आलाय, आपण काढला की जाईल. तुला तर ताट मांडायच्या आधीच ठसका लागतो.” तो जाईपर्यंत मी तिला दुसऱ्या कशात लक्ष घालू दिले नाही. त्या गडबडीत वस्तूंच्या फोटोखालच्या बटणाचा विचार राहून गेला. साचा मुळात हातकामाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानासाठी केलेला होता. बटणावर परभाषेत ‘विकत घ्या’ असे होते. आक्काने साच्यातले सगळे शब्द एका बैठकीत मराठीत केले, त्यात तेही केले. टायपिस्टने समोरचा मजकूर उतरवायचा असतो, अर्थ लावत बसले की बोट चुकते, ही तिची कचेरीतली सवय आहे. तिच्या मनात खोट नव्हती. चूक धरायची तर माझी धरावी, कारण कोटवाल्याच्या मागे मी लागलो होतो. (इथे आक्काने हरकत घेऊन चूक आपली असल्याचे सांगितले. दोघांनी एकदम बोलू नये, अशी साहेबांनी समज दिली.)

वस्तूंचे फोटो मी कापडासकट काढले होते. पण साच्यातली फोटोची चौकट गोल आहे. तीत वस्तूच तेवढी मावली. कापड कडेने कापले गेले.

आज सकाळी मी दुकान उघडत असताना बसचालकाच्या गणवेशातले एक गृहस्थ आले. त्यांनी मोबाइलवर आमचे पान माझ्यापुढे धरले. त्यावर पेटीतल्या तोंडाने वाजवायच्या बाजाचा फोटो होता. त्यांनी विचारले, “हा तुम्हाला कोणी विकला? माझ्या धाकट्या भावानेच ना?” कोणी विकला नाही, खुर्चीत निघाला, असे मी सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. ‘विकत घ्या’ दाबून दाबून बोट दुखले, पान नुसते वर उडी मारते, माल लपवता काय, असे ते म्हणाले. मी म्हणालो की ठाण्यात चला, तिथे खरेखोटे होऊ द्या. आक्काने दुकानाला कुलूप लावले आणि पेटी काखेत घेतली.

बसचालकांनी साहेबांना माझ्यासमोर सांगितले ते असे. त्यांचे वडील रोज संध्याकाळी आपल्या खुर्चीत बसून बाजा वाजवत. एक दिवस तो दिसेना. धाकट्याची नोकरी नुकतीच सुटली होती, म्हणून वडिलांनी त्याच्यावर आळ घेतला. तो नाही नाही म्हणाला. थोरले असून यांनीही त्याची बाजू घेतली नाही. धाकटा घर सोडून गेला. वडील वारले तेव्हा आला, पण दारातूनच परत गेला. पुढे घर बदलताना खुर्ची जुन्या सामानात दिली. काल मुलीने आमचे पान दाखवले तेव्हा बाजाचे चेपलेले टोक त्यांनी ओळखले. लहानपणी धाकट्याने त्या टोकाने बदाम फोडला होता. खाली ‘विकत घ्या’ वाचून वडिलांचा आळ खरा होता, असे त्यांनी धरले. माझ्यावर गुन्हा नोंदवावा आणि पान बंद करावे, अशी त्यांची मागणी होती.

साहेबांनी आपल्या मोबाइलवर ते बटण दाबले. पान वर उडी मारून थांबले. आक्काने सांगितले की बटणामागे काहीच जोडलेले नाही, आमच्या पानावर पैसे घ्यायची सोयच नाही. एवढा बाजा खुर्चीत जाईल कसा, असे साहेबांनी मला विचारले. मी परवानगी घेऊन त्यांच्याच खुर्चीच्या फटीत हात घातला. पेनाचे एक टोपण आणि एक किल्ली निघाली. साहेबांनी किल्ली लगेच खिशात ठेवली. ती कशाची होती ते मी विचारले नाही.

मग मी पेटीतला बाजा कापडासकट टेबलावर ठेवला. कापड हिरव्या चौकड्याचे, त्यावर तपकिरी ठिगळ, ठिगळाला हाताने घातलेले बारीक टाके. बसचालकांनी बाजाला हात लावला नाही. ते कापड उलगडून पाहत राहिले. “हे ठिगळ आईने लावलंय,” असे म्हणाले. मग म्हणाले, “म्हणजे बाबा बाजावरच बसून होते.” आक्का माझ्या कानाशी ‘काखेत कळसा’ एवढे बोलली. पुढचे बोलू नये म्हणून मी तिला कोपराने ढोसले.

बसचालकांनी पाणी मागितले. भरलेला पेला तसाच ठेवून ते व्हरांड्यात गेले आणि फोन लावला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. त्यांची पाठ आमच्याकडे होती. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. बराच वेळ ते नुसते ऐकत होते.

आत आल्यावर त्यांनी तक्रार नसल्याचे सांगितले. मी बाजा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. “मला नको. धाकट्याच्या हातात द्या. संध्याकाळच्या गाडीने येतोय,” असे म्हणाले. कापडही देणार ना, असे त्यांनी विचारले. कापड वस्तूबरोबरच जाते, असे मी सांगितले.

पान बंद करू नये, पेटीत अजून बऱ्याच जणांच्या वस्तू आहेत, अशी मी साहेबांना विनंती केली. बटण सुधारा आणि चालू ठेवा, असे ते म्हणाले. आक्काने बाकावर बसूनच मोबाइलवर फाईल उघडली. बटणाचा शब्द साच्यात एकाच जागी लिहिलेला असतो, तिथे बदलला की सगळ्या वस्तूंखाली बदलतो. काय लिहू, असे तिने विचारले. बसचालक म्हणाले, “‘हे माझं आहे’ असं लिहा.” तिने तसे लिहिले आणि बटणाला दुकानाचा फोन नंबर जोडला. साहेबांनी ते दाबून पाहिले. माझ्या खिशातला फोन वाजला आणि मी दचकलो.

मी बोललो तेच हवालदारांनी या कागदावर उतरवले आहे. त्यांनी ते मला ऐकवले, ते खरे आहे. माझ्या सहीआधी आक्काने कागद मागून घेतला आणि एकेका ओळीचा अर्थ लावत सावकाश वाचला. आता मला लवकर सोडावे. संध्याकाळच्या गाडीने येणाऱ्याला दुकान उघडे दिसायला हवे.