सहा हजार आठशेच्या वर

— नाही, सात हजार आठशे मी नाही करून देणार. मिनिटाला सहा हजार आठशे फेऱ्यांना लिमिट बांधलंय, तिथंच राहील. हो हो, ऐकलं मी, तुमच्या मित्राची गाडी नऊ हजारांपर्यंत किंचाळते — अहो, त्याच्या इंजिनाचा स्ट्रोक आखूड आहे! तुमचा पिस्टन अठ्ठ्याण्णव मिलिमीटर खाली जातो आणि तेवढाच वर येतो. बसा त्या स्टुलावर. वर गेलेल्या पिस्टनला हा रॉड मानगूट धरून खाली खेचतो, सेकंदाला शंभराहून जास्त वेळा. हजारानं आकडा वाढवलात की ती खेच एक तृतीयांशानं वाढते. आणि रॉड स्फोटानं नाही तुटत, ओढीनं तुटतो — जोरात पळवून पाय काढलात ना, की तेव्हा. बाईमाणूस घाबरवतेय असं वाटतंय? वाटू दे. एकवीस वर्षं इंजिनं बांधतेय मी.

मी बघितलाय तुटताना. इथंच, त्या भिंतीजवळ, चाचणीच्या स्टँडवर. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा — शर्यतीत गाडी चालवायचा, देखणा, बोलायला असा गोड की तुम्हीसुद्धा चहा पाजला असता त्याला. घरात मात्र हात चालायचा. एकदा धाकटी आली ती एका कानानं ऐकू येत नाही म्हणत. दुसऱ्यांदा दोन बोटं मोडलेली — दारात सापडली म्हणाली. दारात! मी रोज लोखंड मोजते हो, मला कळत नाही दारात काय मोडतं नि मुठीत काय मोडतं?

तर त्याचं इंजिन, असंच, लांब स्ट्रोकचं. रॉडचे बोल्ट काढून, बेअरिंग बदलायला उघडलं होतं मी. म्हणाला, लिमिट वाढव. मी नाही म्हटलं. परत म्हणाला, परत नाही म्हटलं. मग त्यानं माझा हा हात धरला, हा डावा, आणि त्या शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवायला लागला — हळूहळू, हसत हसत — "आता सांग, तुझं लिमिट किती?" नख फुटलं तेव्हा मी हो म्हटलं. बघा, अजून वाकडंच उगवतं. त्यानं दांडा सैल केला, माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "धाकटीपेक्षा तू बरी, लवकर ऐकतेस."

लवकर ऐकतेस. हे वाक्य नसतं बोलला ना —

तीन दिवसांनी आला, स्वतःच वेग वाढवायचा लिव्हर हातात घेतला. स्टँडपुढं जाड पत्रा ओढायचा असतो, तो राहिला. राहिला म्हणजे — गडबड होती. इंजिन सात हजारांवर गेलं, या खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, सात हजार सहाशे, आठशे, तो खिंकाळल्यासारखा हसत होता, आणि त्यानं लिव्हर सोडला. बस्स. ब्लॉक फोडून रॉड बाहेर आला, मांडीत घुसला, हाडासकट गेला पलीकडे. तापलेलं तेल त्याच्या तोंडावर. किंकाळी त्या इंजिनाची की त्याची, कळेना. मी? मी खांबामागं होते. नाही, नेहमी नसते.

धाकटी डबा घेऊन आली होती, दारातून पळत आली. मी तिला म्हटलं, थांब. थांब म्हटलं मी, एवढंच आठवतंय. ती थांबली नाही. गुडघ्यांवर बसली नि दोन्ही हात त्या भोकात खुपसून दाबून धरले, मोडक्या बोटांसकट, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, हिच्यामुळं जगला. पाय गेला. एक डोळा गेला. आता खाटेवरून ओरडतो, हात पोचत नाही त्याचा — आणि ही त्याला भरवते, पुसते, कूस बदलते. मी म्हटलं, सोड त्याला, ये माझ्याकडे. तर म्हणाली, "ताई, रॉडचे बोल्ट नवे टाकले होतेस ना?" आमच्या वडिलांकडे शिकलेली तीपण, तिला माहितीय, ते बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. मी म्हटलं, हो, टाकले होते. त्यानंतर चार वर्षं झाली, माझ्याशी बोलली नाही ती.

आता तिला काय सांगू? नव्या बोल्टांचं पाकीट फोडलंच नव्हतं मी, हे सांगू? आणि नवे असते तर तो —

काय? असं काय बघताय? नाही, मी काही म्हटलं नाही. नवेच होते. सहा हजार आठशे पसंत नसेल तर गाडी दुसरीकडे न्या, आत्ता न्या. उठा. बाहेर व्हा म्हटलं ना!